इल चेलो इन उना स्तांत्सा

इल चेलो इन उना स्तांत्सा : (खोलीतले आकाश). इटालियन प्रेमगीतांतील एक अभिजात रचना. शब्द आणि चाल दोन्ही जिनो पाओली यांची. १९६० मध्ये गायिका मीना यांच्या आवाजात ते इटलीभर गाजले आणि विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

पाओली यांचा जन्म १९३४ चा. ते वाढले जिनोआ या बंदराच्या शहरात. लुईजी तेंको, ऊंबेर्तो बिंदी, ब्रूनो लाउत्सी, फाब्रित्सिओ दे आंद्रे आणि पाओली यांना मिळून ‘जिनोआ संप्रदाय’ म्हणतात. स्वतः लिहायचे, स्वतः चाल लावायची आणि स्वतःच गायचे, ही या मंडळींपैकी बहुतेकांची रीत. हे गीत रचले तेव्हा पाओली यांची इटलीतील लेखक-संगीतकारांच्या हक्कसंस्थेत नोंद नव्हती. त्यामुळे तबकडीवर गीतकार म्हणून मोगोल आणि संगीतकार म्हणून तोआंग (रेनातो आंजोलिनी) अशी नावे छापली गेली.

गीतात घडते फारच थोडे. प्रेयसी जवळ आली की खोलीच्या भिंती नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी न संपणारी झाडे उभी राहतात. जांभळे छत उरत नाही, वर आकाश दिसू लागते. कुठेतरी हार्मोनिका वाजते आणि तिचा सूर ऑर्गनसारखा आभाळभर घुमतो. एवढेच. ही खोली जिनोआतल्या एका कुंटणखान्यातली, असे पाओली यांनीच पुढे सांगितले. जांभळे छतही तिथलेच. इटलीतील परवानाधारक कुंटणखाने मेर्लिन कायद्याने १९५८ मध्ये बंद झाले होते, म्हणजे गीत लोकांपर्यंत पोहोचले तेव्हा तशा खोल्या इतिहासजमा झालेल्या होत्या. गीतात मात्र याचा उच्चार नाही. ऐकणाऱ्याला फक्त छताचा रंग कळतो, आणि त्यामुळेच ती खोली ज्याची त्याला आपली वाटते. छत जांभळे नसते, नुसते ‘छत’ असते, तर ते नाहीसे झाल्याचे एवढे जाणवलेही नसते.

‘आमोरे’ म्हणजे प्रेम. हा शब्द या गीतात एकदाही येत नाही. ‘कुओरे’ (हृदय) आणि ‘आमोरे’ हे यमक इटालियन गाण्यांत वापरून वापरून गुळगुळीत झालेले असताना हे विशेषच म्हणायचे. रचनाही वेगळी आहे. कडवे, मग ध्रुवपद, पुन्हा कडवे असा क्रम इथे नाही. चाल सुरू होते ती पुढेच जाते आणि वर चढत जाते. पहिल्या ओळींखालचे स्वरमेळ (कॉर्ड) अगदी साधे, इटलीत गिटार शिकणाऱ्याच्या हाती सुरुवातीलाच पडणारे, ‘जिरो दि दो’ या ठरलेल्या आवर्तनाच्या नावाने ओळखले जाणारे. हार्मोनिकेचा उल्लेख येतो तिथे चाल मोकळी होते. शब्दांत भिंती विरघळतात तशीच सुरांतली चौकटही सुटते. गीत टिकून राहण्याचे खरे कारण बहुधा हेच.

मीना तेव्हा विशीच्या होत्या. रॉक अँड रोलच्या ढंगात जोरकस गाणाऱ्या ‘उर्लात्रीचे’, म्हणजे ओरडून गाणाऱ्या, अशी त्यांची ओळख होती. या गीताने ती बदलली. आरंभी आवाज आवरून धरलेला, जवळजवळ बोलल्यासारखा. मग वाद्यवृंदाबरोबर तो पूर्ण उघडतो. पाओली यांनी स्वतः गायलेली आवृत्ती याच्या अगदी उलट आहे. ती हळू आवाजातली, शेजारी बसलेल्या एकाच माणसाला सांगावी तशी. मीना यांच्या गायनात आकाश दिसते, पाओलींच्या गायनात खोली. दोन्ही ऐकल्याशिवाय गीत पुरते हाती लागत नाही.

मीना यांनी ते ‘धिस वर्ल्ड वी लव्ह इन’ या नावाने इंग्रजीतही गायले. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘गुडफेलाज’ (१९९०) या चित्रपटात मीना यांचेच इटालियन ध्वनिमुद्रण वाजते. २००२ मध्ये गायिका कार्ला ब्रुनी यांनी आपल्या पहिल्या गीतसंग्रहात ते फ्रेंच शीर्षकाखाली घेतले.