कोपर तेच, काम वेगळं: दृष्टिहीनाला वाट दाखवणं आणि बधिरांधाची सोबत करणं

कॉलेजात असताना मी दृष्टिहीन मुलांची परीक्षेतली लेखनिक होते. पेपर संपला की नाशिकच्या सीबीएसपर्यंत (मध्यवर्ती बसस्थानक) सोबत जायचं, बस मिळवून द्यायची, मग घरी. त्यातूनच कोपर कसं द्यायचं, पायऱ्या कशा सांगायच्या हे अंगवळणी पडलं. पुढे काही वर्षांनी बधिरांधांच्या, म्हणजे दिसणं आणि ऐकणं दोन्ही गेलेल्या किंवा फार कमी झालेल्या माणसांच्या, सोबतीचं प्रशिक्षण घ्यायला बसले, तेव्हा डोक्यात सरळ बेरीज होती: चालवायला येतंच, वर थोड्या खुणा शिकल्या की झालं.

पहिल्याच सकाळी आमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांत बोळे घालून वर हेडफोन चढवले. माझ्या जोडीदारणीने मला व्हरांड्यातून फिरवलं, कुठेतरी उभं केलं आणि ती निघून गेली. मला दहा मिनिटं वाटली. तिच्या घड्याळात दीडच झालं होतं. असल्या पट्टीच्या प्रयोगांवर बधिरांध लोकांचेच आक्षेप आहेत आणि ते मला पटतात. दीड मिनिटात भीती तेवढी कळते, रोज तसं जगणाऱ्याचं कसब कळत नाही. पण माझी बेरीज चुकली होती, एवढं तिथेच उमगलं. कुणी दृष्टिहीन मित्र त्या व्हरांड्यात उभा असता तर जाणाऱ्या चपलांचा आवाज त्याने ऐकला असता आणि हाक मारली असती.

सारखं काय, ते आधी उरकते. दृष्टिहीन माणसाला आपण धरून नेत नाही, आपलं कोपर त्याला धरू देतो. तो कोपराच्या जरा वर पकडतो, आपण अर्धं पाऊल पुढे. आपण वळलो, चढलो, थांबलो की त्याला ते दंडातून कळतं. बोळ अरुंद झाला की तोच हात पाठीमागे घ्यायचा, तो आपसूक मागे येतो. खुर्ची आली की त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवायचा, पुढचं तो बघतो. (हो, ‘बघतो’. दृष्टिहीन मित्र हा शब्द बिनदिक्कत वापरतात, अडखळतो आपणच.) इथवर बधिरांधासाठीही सगळं असंच.

फरक पडतो तो तोंडाचा. सीबीएसवरून शालिमार चौकाकडे जाताना मी अखंड बोलत असायचे, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. “रिक्षा आडवी लावलीय, डावीकडून घेऊ. पाणी साचलंय. दोन पायऱ्या, वर.” दंड दिशा सांगायचा, तोंड कारण सांगायचं. शिवाय मित्राचे कान त्याचं काम करतच असायचे: मागून येणारी दुचाकी, भाजीवाल्याची आरोळी, बोळ संपून रस्ता मोकळा झाला की बदलणारा आवाज. बधिरांध माणसाकडे यातलं काही पोचत नाही. दिशा आणि कारण, दोन्ही त्याच्या हातानेच घ्यायचं असतं, आणि तो हात तर माझ्या कोपरावर गुंतलेला. म्हणून पहिला नियम अगदी साधा आहे: बोलायचं तर थांबायचं. गप्पा मारत चालणं ही चैन इथे नाही.

बुधवारी गंगेवर बाजार भरतो. (नाशिककराच्या तोंडी गोदावरी नाही, गंगाच.) त्या बाजारात दृष्टिहीन मैत्रिणीसोबत माझी भाजी अर्ध्या तासात होते. मी ज्यांच्यासोबत जाते त्या बधिरांध काकांबरोबर दीड तास लागतो. काका हळू चालतात म्हणून नव्हे, चालीत ते मला हरवतील. पण मध्येच का थांबलो, वाट का बदलली, हे सांगायला दर वेळी गर्दीच्या लोंढ्यातून बाजूला व्हावं लागतं, एखाद्या भिंतीशी किंवा हातगाडीच्या आडोशाला. कारण न सांगता नुसतं ओढत नेलं तरी काका येतील. पण मग ते बाजाराला आले असं म्हणता येणार नाही, त्यांना बाजारातून नेलं एवढंच.

आता सांगायचं कसं? इथे दृष्टिहीन आणि बधिरांध यांतला फरक बाजूलाच राहतो आणि बधिरांधां-बधिरांधांतलाच फरक मोठा होतो. काका जन्मतः बहिरे. बधिरांच्या शाळेत शिकले, सांकेतिक भाषा हीच त्यांची खरी मातृभाषा. विशीच्या आसपास रात्रीचं दिसेना, मग नजर कडेकडेने आकसत गेली, नळीतून पाहावं तशी. याला अशर सिंड्रोम म्हणतात. मधला थोडा उजेड होता तोवर लोक त्यांच्याशी छातीसमोरच्या छोट्या चौकटीत, एकरंगी कपडे घालून खुणा करत. आता ते आपले हात माझ्या हातांवर ठेवतात आणि मी खुणा करते. त्यांचे हात वर, माझे खाली. मी त्यांचे हात पकडून हलवले तर ती जबरदस्ती झाली. वर ठेवलेला हात केव्हाही काढून घेता येतो. नावं किंवा पत्ते सांगायचे तर अक्षरं. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी काढतात आणि पाच स्वर पाच बोटांच्या टोकांवर बसतात: अंगठ्यावर ए, तर्जनीवर ई, मग आय, ओ आणि करंगळीवर यू. म्हणजे माझं एक बोट आणि त्यांचा पंजा मिळून पाटी तयार.

आमच्या ओळखीच्या एका आजींचं सगळं उलटं. आयुष्यभर ऐकलं, बोलल्या, ओव्या म्हटल्या. नजर आधी गेली, कान सत्तरीनंतर. त्यांना खुणांची भाषा ठाऊकच नाही आणि या वयात शिकवायला जाणं हा निव्वळ आपला हट्ट. त्यांच्या तळव्यावर मी बोटाने देवनागरी लिहिते. एका जागी एक अक्षर, त्याच जागी त्यावर दुसरं. शिरोरेषा गाळायची, जोडाक्षर फोडायचं, शब्द संपला की क्षणभर थांबायचं, चुकलं तर तळवा पुसल्यासारखा हात फिरवायचा. ‘कृष्णा’ लिहिताना मी तीनदा चुकले. आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अगं कळलं, पुढे चल.” आजी बोलतात आणि मी लिहिते, बघणाऱ्याला वाटतं मी हात बघून भविष्य सांगतेय.

हेलन केलर सगळ्यांना माहीत असते. १८८७ साली शिक्षिका अ‍ॅन सलिव्हनने तिच्या हातावर पाण्याचा शब्द काढला ती गोष्ट शाळेत होते, आणि म्हणून ‘बधिरांध म्हणजे हातावर अक्षरं’ एवढंच डोक्यात बसतं. प्रत्यक्षात प्रकार पुष्कळ. जर्मन बोलणाऱ्या देशांत लॉर्मची लिपी चालते. हिएरोनिमुस लॉर्म या लेखकाचे आधी कान आणि मग डोळे गेले, तेव्हा त्याने तळव्यावरचे ठिपके आणि रेघा स्वतःसाठीच रचल्या. जपानात ब्रेलचे सहा ठिपके म्हणजे सहा बोटं, आणि ती समोरच्याच्या बोटांवर वाजवतात. तेव्हा ओळख झाल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: आधी काय गेलं, कान की डोळे? उत्तरावरून पुढची निम्मी वाट ठरते.

काय सांगायचं, यातही तफावत आहे. दृष्टिहीन मित्राला दृश्य सांगायचं. काकांना आवाजही सांगावा लागतो. कुणी हसलं, कुणी भांडायला उठलं, रामकुंडावर आरती सुरू झाली, एक ओळखीचे गृहस्थ पलीकडून हात हलवताहेत. यांतलं किती सांगायचं हा माझ्या सवडीचा प्रश्न नाही. मी सांगितलं नाही तर ते त्यांच्यापुरतं घडलेलंच नाही. कधी कधी यासाठी पाठीवरच्या खुणा कामी येतात: दोन हात मोकळे नसले तरी पाठीवर बोटांनी ‘हसताहेत’ असं चटकन कळवता येतं. आणि पाठीवर मोठी फुली म्हणजे धोका. ती काढली की विचारपूस नाही, चर्चा नाही, ताबडतोब सोबत निघायचं. ही एकच वेळ, जेव्हा कारण नंतर सांगितलेलं चालतं.

भेटणं आणि निघणं यांतही पुन्हा तेच. मैत्रिणीला “मी आले गं” म्हटलं की पुरतं. काकांच्या दंडावर हलकेच हात ठेवायचा, तो तसाच राहू द्यायचा, मग आपली ओळख द्यायची; माझी ओळख म्हणजे डाव्या हातातलं कडं. पुष्कळ नातेवाईक इथे ‘ओळखा पाहू कोण’ खेळतात. दिवसाकाठी चार जणांनी तसं केलं तर माणसाचं काय होत असेल, याचा विचार त्यांनी करावा. निघताना, अगदी पाण्याची बाटली घ्यायला जायचं असलं तरी, ‘दोन मिनिटं’ असं हातात सांगायचं आणि त्यांचा हात भिंतीवर किंवा खांबावर टेकवून जायचं. मोकळ्या जागेत सोडायचं नाही, कधीच नाही. दृष्टिहीन माणूस मोकळ्या चौकात आवाजांवरून दिशा धरतो. बधिरांधाला तिथे धरायला काहीच नसतं.

दुकानदार मात्र दोन्हीकडे सारखाच वागतो: माझ्याकडे बघून विचारतो, “यांना काय पाहिजे?” मैत्रीण असली तर मी गप्प बसायचं, ती स्वतः उत्तर देते. काकांसोबत गप्प बसून भागत नाही. प्रश्न त्यांच्या हातात द्यायचा, थांबायचं, उत्तर बाहेर आणायचं. सुरुवातीला मी एकदा घाई केली आणि परस्परच म्हणाले, “अर्धा किलो द्या.” काकांना पिशवीच्या वजनावरून कळलं. ते पाव किलोच घेतात. त्यांनी पिशवी परत दिली आणि मला हातावर सुनावलं ते इथे लिहीत नाही.

या टप्प्यावर लोक म्हणतात, मग तू दुभाषीच की. अर्धी खरी गोष्ट. सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलणं इकडून तिकडे नेतो, पायऱ्या त्याच्या अभ्यासक्रमात नसतात. वाट दाखवणाऱ्याला पायऱ्या येतात, बोलणं नेता येत नाही. बधिरांधाच्या सोबत्याला दोन्ही करायचं, तेही एकाच हाताने, आणि दमही दुप्पट लागतो. सभा-व्याख्यानाला स्पर्शाने खुणा करणारे म्हणूनच साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी पाळी बदलतात.

ही बेरजेची चूक कागदावरही सापडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, आणि बधिरांधत्व त्यांत स्वतंत्र नाही, बहुविकलांगतेच्या नोंदीत आहे. उल्लेख झाला हे चांगलंच. पण युरोपीय संसदेने २००४ मध्येच ते वेगळं अपंगत्व मानलं होतं. मुंबईत बेरोझ वाच्छांनी १९७७ मध्ये हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली, अहमदाबादला सेन्स इंडिया ही संस्था बधिरांधांसाठी काम करते, शिक्षकांचं प्रशिक्षण तिथून होतं. नाशिकमध्ये दृष्टिहीनांसाठी काम करणारे बरेच आहेत, बधिरांसाठीही आहेत. दोन्ही गटांत ओळख असलेली माणसं मात्र मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

परवा बाजारातून काकांना घरी सोडलं. त्यांचा हात दाराच्या चौकटीवर ठेवला, पुढच्या बुधवारची वेळ सांगितली. त्यांनी माझी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि खूण केली: नखं कापून ये, टोचतात.