डोंगरी ते बदलापूर: मुलांच्या संरक्षणाची अपुरी राहिलेली व्यवस्था

‘ऐकलं नाहीस तर डोंगरीला टाकीन’ ही धमकी मुंबईच्या चाळींत वाढलेल्या अनेक पिढ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. डोंगरी म्हणजे उमरखाडीचे निरीक्षणगृह, लोकांच्या तोंडी आजही ‘रिमांड होम’. ही वास्तू मुळात तुरुंगाची. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यानंतर १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवसांची शिक्षा भोगली ती डोंगरीच्याच तुरुंगात. पुढे त्याच भिंतींच्या आत बेवारस, घरातून पळालेली, रस्त्यावर सापडलेली आणि चोरीमारीचा आरोप असलेली मुले ठेवली जाऊ लागली. ज्या जागेत मुलाला आसरा मिळायचा, तिचेच नाव घेऊन आईबापांनी मुलाला भीती घालावी, ही गोष्ट या शहरातील बालसंरक्षणाचा इतिहास समजून घेताना सतत ध्यानात ठेवावी लागते. येथे संरक्षणाची कल्पना कोठडीच्या कल्पनेतून जन्मली, आणि कायद्यांची भाषा कितीही बदलली तरी मुलाला ठेवायचे कुठे या प्रश्नाइतके महत्त्व त्याचे म्हणणे ऐकायचे कोणी या प्रश्नाला फार क्वचित मिळाले.

मुलांच्या शोषणाला कायद्याने पहिला आळा घातला तो गिरण्यांमध्ये. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. १८९१ च्या दुरुस्तीने किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. पण जन्माची नोंदच नसलेल्या मुलाचे वय ठरवायचे कसे, हा पेच तेव्हापासूनचा. डॉक्टरने अंगकाठी आणि दात पाहून दाखला द्यायचा आणि त्या कागदावर मुलाचे बालपण संपले की नाही हे ठरायचे. हाच वयाचा दाखला पुढे कामाठीपुऱ्यातील मुलींच्या बाबतीत किती निर्णायक ठरला, ते खाली येईल.

मुलांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात मद्रास (१९२०) आणि बंगाल (१९२२) यांच्यामागून मुंबई इलाखा तिसरा आला. १९२४ च्या मुंबई बालक कायद्याची अंमलबजावणी शहरात १९२७ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे निरीक्षणगृह आणि मानखुर्दची बालगृहे या संस्थेकडे आली. माटुंग्याची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा त्याआधीची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुधारगृहांच्या परंपरेतील. त्या काळाच्या मानाने ही पुढची पावले होती, हे मान्य करायला हवे. प्रौढ गुन्हेगारांबरोबर तुरुंगात पडणाऱ्या मुलासाठी वेगळे न्यायालय आणि परिविक्षा अधिकारी (मुलाची चौकशी करून त्याच्यावर देखरेख ठेवणारा प्रोबेशन ऑफिसर) असावा, हा विचार तेव्हा नवा होता. मात्र या व्यवस्थेत एक दोष सुरुवातीपासून राहिला. ज्याने काही केले असा आरोप आहे ते मूल आणि ज्याच्यावर अन्याय झाला ते मूल, दोघेही एकाच दारातून आत येत. हरवलेल्या मुलाला त्याच्या गावी पोहोचवण्यास महिनोन्महिने लागत आणि तेवढा काळ त्याने कुलपाआड काढायचा, याला कोणी शिक्षा म्हणत नसे इतकेच.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा सुधारित कायदा आला, पण भिंतीआड काय चालते याची खरी झाडाझडती व्हायला १९८० चे दशक उजाडावे लागले, आणि ती केली एका पत्रकार महिलेने. मुंबईच्या शीला बर्से यांनी देशभरातील तुरुंगांत ठेवलेल्या सोळा वर्षांखालील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने १९८६ मध्ये जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांची पाहणी करण्यास सांगितले आणि मुलांसाठी देशभर एकच कायदा असावा असे सुचवले. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय कायदा केला आणि तो २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. बर्से यांची दुसरी लढाई थेट चिल्ड्रन्स एड सोसायटीशी होती. निरीक्षणगृहातील मुलांना घरी पोहोचवण्यात होणारा विलंब, त्यांना ताब्यात घेताना न दाखवलेला विचार, त्यांच्याकडून करून घेतले जाणारे काम, या तक्रारी त्यांनी आधी मुंबई उच्च न्यायालयात मांडल्या आणि मग सर्वोच्च न्यायालयात. सोसायटीचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे पदसिद्ध असे आणि समाजकल्याण मंत्री उपाध्यक्ष असत, त्यामुळे कागदावर तरी याहून वरची देखरेख असणे शक्य नव्हते. डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की ही संस्था घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ आहे, मुलांच्या मूलभूत हक्कांची जबाबदारी तिला टाळता येणार नाही, आणि निरीक्षणगृहात मूल रेंगाळता कामा नये. मुलांसाठीच्या न्यायालयात आणि संस्थांमध्ये त्या कामाचे खास प्रशिक्षण घेतलेली माणसे हवीत, हेही तिथे नोंदवले गेले. चाळीस वर्षे होत आली, तरी हे शेवटचे वाक्य आजच्या कुठल्याही अहवालात जसेच्या तसे घालता येईल, याचे मला दुःख वाटते.

१९९६ चा फेब्रुवारी महिना मुंबईच्या संदर्भात वेगळा विचार करायला लावतो. कामाठीपुऱ्यातील कुंटणखान्यांत अल्पवयीन मुलींना डांबून ठेवल्याच्या बातमीची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांनी छापे घालून चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढल्या. त्यांत नेपाळमधून आणलेल्या मुलींची संख्या मोठी होती. सुटकेचा आकडा वर्तमानपत्रांत आला, पण सुटकेनंतर या मुलींनी राहायचे कुठे याची तयारी शासनाकडे नव्हती. सरकारी सुधारगृहांत त्यांना दाटीवाटीने ठेवले गेले, त्यांच्या संमतीविना एचआयव्ही चाचण्या झाल्या, आजारी मुलींना वेळेवर औषधपाणी मिळाले नाही आणि काही जणी तिथेच दगावल्या. त्यांचे वय, त्यांचे गाव, त्यांची इच्छा यांची चौकशी नीट व्हायच्या आधीच त्या पुन्हा एकदा कोंडल्या गेल्या होत्या, फक्त कुलूप आता सरकारचे होते. नेपाळ सरकार त्यांना परत घेण्यास उत्सुक नव्हते. तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतल्यावर काही महिन्यांनी सुमारे सव्वाशे मुली मायदेशी परतल्या.

या अनुभवाचा धडा न्यायालयाच्या भाषेत उतरायला आणखी सहा वर्षे गेली. २००२ मध्ये सांताक्रूझच्या एका छाप्यात सोडवलेल्या मुलींचे प्रकरण कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ या संस्थेने उच्च न्यायालयात नेले. दंडाधिकाऱ्यांसमोर या मुली आरोपीसारख्या उभ्या राहत, सज्ञान ठरवलेल्या मुली सोडून दिल्या जात, आणि त्यांच्या वतीने वकील उभा राहायचा तोही दलालाने दिलेला असे. वयाचा दाखला येथे पुन्हा आला: अठरा पूर्ण असा शेरा मिळाला की मुलगी दारातून बाहेर, आणि दाराबाहेर कोण उभे आहे हे सर्वांना ठाऊक. ऑक्टोबर २००२ च्या निकालात उच्च न्यायालयाने सांगितले की अशा छाप्यात सापडलेली अठरा वर्षांखालील मुलगी ही काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, तिला बालकल्याण समितीसमोरच नेले पाहिजे, परिविक्षा अधिकाऱ्याच्या चौकशीशिवाय तिला कोणाच्याही हवाली करू नये, आणि दलालाची बाजू मांडणाऱ्या वकिलाला त्याच प्रकरणात तिची बाजू मांडता येणार नाही. इतक्या उघड गोष्टी न्यायालयाला लिहून द्याव्या लागल्या.

तोपर्यंत संकट दुसऱ्या बाजूनेही उभे राहिले होते. रस्त्यावरच्या मुलांसाठी १९९० च्या दशकात अनेक खाजगी आसरे निघाले, आणि ज्या कुलाब्यात पर्यटकांमागे धावणारी मुले पदपथावर झोपत, तिथे ‘अँकरेज’ या नावाने चालणाऱ्या आसऱ्यांचे कौतुकही झाले. परदेशी पैसा, इंग्रजी बोलणारे चालक आणि मुलांना मिळणारे दोन वेळचे जेवण, एवढ्यावर चांगुलपणाचा शिक्का बसला. गोव्यात मडगावच्या फ्रेडी पीट्सचे प्रकरण १९९१ मध्ये उघडकीला आले होते आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली होती. अनाथाश्रमाच्या आडून मुलांचे लैंगिक शोषण होऊ शकते हे पश्चिम किनाऱ्यावर कोणाला नवीन नव्हते. तरीही अँकरेजमधल्या मुलांची कुजबुज पोलिसांपर्यंत गुन्हा म्हणून पोहोचली ती २००१ मध्ये, आणि तीही काही कार्यकर्ते, एक पत्रकार, चाइल्डलाइन ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवा आणि उच्च न्यायालयाने नेमलेली राज्यस्तरीय समिती यांनी पाठपुरावा केल्यामुळे.

या खटल्याचा प्रवास पाहिला की पीडित मुलाच्या वाट्याला काय येते ते कळते. आरोपींतील दोन ब्रिटिश नागरिक देशाबाहेर होते. एकाला अमेरिकेत अटक होऊन प्रत्यार्पण झाले, दुसरा नंतर शरण आला. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षांची आणि त्यांच्या भारतीय व्यवस्थापकाला तीन वर्षांची शिक्षा दिली. जुलै २००८ मध्ये उच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षीवर विश्वास न ठेवता तिघांना निर्दोष सोडले. १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून शिक्षा कायम केली. तक्रार केली तेव्हाची मुले निकाल लागला तेव्हा मोठी झाली होती. शिवाय मुलग्यांवरील लैंगिक अत्याचारासाठी तेव्हा वेगळा कायदाच नव्हता. भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाचा आणि बाल न्याय कायद्यातील क्रूरतेच्या कलमाचा आधार घेऊन खटला चालवावा लागला.

अँकरेजची मुले निदान बोलू शकत होती. शहापूर तालुक्यातील एका संस्थेत कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातमीवरून २०१० मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातील बौद्धिक दिव्यांग मुलांच्या बालगृहांची पाहणी करवली आणि त्या ओघात २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोली येथील एका बालगृहातील प्रकार बाहेर आला. येथील मुलींपैकी अनेकींना जे घडले ते शब्दांत सांगता येत नव्हते. हे बालगृह नोंदणीकृत होते, त्याच्याही फायली भरलेल्या होत्या. २०१३ मध्ये संस्थेच्या संचालकाला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. ती पुढे उच्च न्यायालयाने रद्द केली. शासनाकडून मुलामागे ठरावीक अनुदान मिळते तेथे पटावरचा आकडा हीच संस्थेची मिळकत होते, आणि तपासणीला येणारा अधिकारी पट, धान्याचा साठा आणि पावत्या पाहून परत जातो. मुलाला बाजूला घेऊन, कर्मचारी ऐकणार नाहीत अशा जागी बसवून बोलते करायला वेळ लागतो, कौशल्य लागते, आणि त्या कामासाठी वहीत रकानाच नसतो.

तो वेळ दिल्यावर काय दिसते, हे देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ प्रकल्पाने दाखवले. बिहारमधील निवारागृहांच्या सामाजिक अंकेक्षणात, म्हणजे सोशल ऑडिटमध्ये, या पथकाने मुलांशी बोलण्यावर भर दिला आणि २०१८ मध्ये मुजफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहातील भयंकर प्रकार उजेडात आला. याच संस्थेतून जून १९९६ मध्ये १०९८ ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवाही निघाली होती. म्हणजे मुलाचे ऐकायचे कसे याचे ज्ञान मुंबईत होते. सरकारी तपासणीने ते आपलेसे केले नाही.

कायद्यांची कमतरता आता उरलेली नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचे संरक्षण करणारा कायदा लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिलीच पाहिजे, आणि संस्थाप्रमुखाने ती दडवली तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची केली आणि तीन महिन्यांतून एकदा, एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असलेल्या पथकाने भेट द्यावी असे ठरवले. तरी जून २०२२ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी परिपत्रक काढले की पॉक्सो आणि विनयभंगाचा गुन्हा उपायुक्तांच्या परवानगीशिवाय नोंदवू नये. खोट्या तक्रारींचे कारण पुढे केले गेले. राज्य बालहक्क आयोगाने आणि बालहक्क कार्यकर्त्यांनी विरोध केल्यावर ते मागे घ्यावे लागले, पण पोलीस यंत्रणेचा पहिला विचार कोणाला वाचवण्याचा होता हे त्यातून कळले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे त्यांच्या घरच्यांच्या लक्षात आले. शाळेने पोलिसांना कळवले नाही. पालक ठाण्यात गेले तेव्हा गुन्हा नोंदवायला सुमारे बारा तास लागले. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वेमार्ग रोखला आणि त्यानंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, संस्थाचालकांवर माहिती दडवल्याचा गुन्हा दाखल झाला, आणि शाळांतील मुलांच्या सुरक्षेसाठी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अटकेतील आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला, त्यामुळे त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. कलम १९ लागू होऊन तेव्हा पावणेबारा वर्षे झाली होती.