रॉ छायाचित्रांतील नॉइज निवारण

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरने नोंदवलेली मूळ माहिती, म्हणजेच रॉ फाइल, संपादनासाठी घेण्यापूर्वी तिच्यातील अनियमित ठिपके आणि रंगीत डाग सॉफ्टवेअरने कमी करण्याच्या प्रक्रियेला नॉइज निवारण म्हणतात. छायाचित्रकारांच्या बोलण्यात हेच ‘नॉइज काढणे’ असते आणि ज्या फोटोत तो फार आहे त्यात ‘दाणे आलेत’ असे म्हटले जाते. उजेड, रंग आणि धार यांना हात लावण्याआधी ही पायरी उरकायची, हा या पद्धतीचा गाभा आहे.

कोकणात अपुऱ्या उजेडात टिपायचे विषय विपुल आहेत. सिंधुदुर्गातील जत्रांत रात्री उशिरा उभे राहून उजाडेपर्यंत रंगणारे दशावतारी नाटक, शिमग्यात रात्री नाचवली जाणारी पालखी, पावसाच्या तोंडावर झाडे उजळवणारे काजवे, आंबोलीच्या धुक्यातले बेडूक, वेळास-आंजर्ल्याच्या वाळूतून सकाळी किंवा सांजवेळी समुद्राकडे सोडली जाणारी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले, ही त्यांतली ठळक नावे. यांपैकी बहुतेक ठिकाणी फ्लॅश कामाचा नसतो. पिल्लांवर तो मारू दिला जात नाही, काजव्यांचा प्रकाश तो गिळून टाकतो आणि ऐन रंगात आलेल्या नटाच्या डोळ्यांवर लखलखाट केलेला दशावताराच्या प्रेक्षकांना खपत नाही. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेची मात्रा, ३२००, ६४०० किंवा त्याहून वर नेण्यावाचून इलाज उरत नाही.

नॉइजचा उगम

आयएसओ वाढवल्यामुळे नॉइज येतो हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. मूळ कारण प्रकाशाचा तुटवडा हे आहे; आयएसओ वाढवल्याने सेन्सरचा तुटपुंजा विद्युत संकेत मोठा होतो आणि त्यातले दोष उघडे पडतात इतकेच. प्रकाश फोटॉनांच्या, म्हणजे सुट्या कणांच्या, रूपाने येतो आणि फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे विखरून, कसलाही नेम न धरता पडतात. अंगणात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांत पहिल्या सरीचे थेंब सारख्या संख्येने पडत नाहीत. सर तासभर कोसळली की मात्र दोन्ही वाट्यांतला फरक नजरेत भरेनासा होतो. सेन्सरच्या पिक्सेलांचेही तसेच आहे. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर त्यांतील चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १०० किंवा एक टक्का असतो. सरासरी १०० फोटॉनच मिळाले तर चढउतार १० म्हणजे तब्बल दहा टक्के होतो. याला शॉट नॉइज म्हणतात. तो कॅमेऱ्याचा दोष नसून प्रकाशाचाच स्वभाव असल्याने महागडा कॅमेरा घेतला तरी सुटत नाही. दशावतारात तलवारयुद्ध गोठवण्यासाठी शटर १/६० वरून १/५०० सेकंदावर नेले की प्रकाश सुमारे आठपट घटतो आणि संकेत व नॉइज यांचे गुणोत्तर जवळजवळ तिपटीने बिघडते. तशात संकासुर या पात्राचा वेश काळा; आधीच थोडा उजेड परतवणाऱ्या त्या कापडाच्या घड्या संपादनात उजळू गेल्यास कापडाऐवजी नुसते जांभळे-हिरवे ठिपके वर येतात.

दुसरा घटक सेन्सरमधील विद्युतभार वाचून त्याचा आकडा करताना इलेक्ट्रॉनिक मंडलाने घातलेली भर, म्हणजे रीड नॉइज. गडद भागात तो जाणवतो. तिसरा उष्णतेमुळे येतो. प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये थोडे इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि तापमान साधारण सहा ते आठ अंश सेल्सिअसने वाढले की हा डार्क करंट दुप्पट होतो. मे महिन्यातील दमट रात्री काजव्यांसाठी तीस-तीस सेकंदांची एक्स्पोजर लागोपाठ घेताना कॅमेऱ्याचे अंग हाताला गरम लागते आणि फोटोत लाल, निळे, पांढरे टिपके एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसू लागतात. या हॉट पिक्सेलांवर कॅमेऱ्यातच एक उपाय असतो: झडप बंद ठेवून तितक्याच वेळाचा काळा फोटो घ्यायचा आणि तो मूळ फोटोतून वजा करायचा. मात्र तीस सेकंदांच्या फोटोमागे आणखी तीस सेकंद वाट पाहावी लागते आणि तेवढ्यात शेजारच्या झाडावर जे काही चमकून जाते ते जाते. म्हणून जाणकार ही सोय बंद ठेवतात आणि शेवटी लेन्सवर टोपी घालून दोन-चार काळे फोटो एकदम घेऊन ठेवतात.

रंगांचा नॉइज निराळाच त्रास देतो. पिवळसर हॅलोजनच्या उजेडात निळा प्रकाश अगदी कमी असतो. पांढरे पांढरेच दिसावे म्हणून व्हाइट बॅलन्स साधताना निळ्या वाहिनीचे आकडे मोठ्या पटीने वाढवावे लागतात आणि त्यांबरोबर तिचा नॉइजही वाढतो. दशावतारातल्या राजाच्या रंगवलेल्या गालावर जे निळसर चट्टे दिसतात ते या गुणाकाराचे फळ असते.

आधीच का

सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग नोंदवतो. ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी योजलेल्या आणि १९७६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या रचनेत चारांपैकी दोन पिक्सेलांवर हिरवी, एकावर लाल आणि एकावर निळी गाळणी असते. बहुतेक कॅमेऱ्यांत आजही हीच रचना आहे. फुजीफिल्मच्या एक्स-ट्रान्स सेन्सरमध्ये सहा बाय सहाची वेगळी मांडणी आढळते. प्रत्येक पिक्सेलला उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने पुरवण्याच्या क्रियेला डिमोझेइकिंग म्हणतात.

या क्रियेपूर्वी प्रत्येक पिक्सेलचा नॉइज जवळपास स्वतंत्र असतो आणि तो त्या पिक्सेलच्या उजळपणानुसार किती असावा याचे गणित ठाऊक असते. एकदा डिमोझेइकिंग झाले की एका चुकलेल्या आकड्याची चूक आजूबाजूच्या पिक्सेलांत वाटली जाते आणि बारीक दाण्याचा पसरट डाग होतो. त्यावर पुढे रंगांचे गुणाकार, कॉन्ट्रास्टची वळणे, कोपरे उजळवणारी लेन्स-दुरुस्ती आणि धार वाढवणारे शार्पनिंग चढते. त्यानंतर हा ठिपका नॉइजचा की मुंडावळीतल्या मण्याचा, हे सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. जेपीईजी तर त्याहून अवघड, कारण कॅमेऱ्याने त्यात स्वतःच्या मर्जीने निवारण केलेले असते, रॉच्या १४ बिटांतील उजळपणाच्या १६,३८४ पायऱ्यांच्या जागी प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरलेल्या असतात आणि संकोचनाचे चौकोनही उमटलेले असतात. म्हणून निवारण रॉवर आणि सर्वांत आधी करावयाचे. शार्पनिंग सर्वांत शेवटी येते. ते आधी केले तर धारेबरोबर दाणेही टोकदार होतात.

पद्धतींचा विकास

अगदी सुरुवातीच्या पद्धती शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढत आणि दाण्यांबरोबर तपशीलही पुसत. टोमासी आणि मंडुची यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या बायलॅटरल फिल्टरने सरासरीत फक्त सारख्या उजळपणाचे शेजारी धरले, त्यामुळे कडा शाबूत राहिल्या. बुआडेस, कोल आणि मोरेल यांनी २००५ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले: सारखा तुकडा शेजारीच असला पाहिजे असे नाही, तो चित्रात कोठेही सापडू शकतो. कौलारू घराच्या छायाचित्रात एका कौलासारखी दुसरी शेकडो कौले असतात, त्यांची सरासरी घेतली तर नॉइज जातो आणि कौल राहते. नॉन-लोकल मीन्स नावाच्या या कल्पनेवरच २००७ मधील बीएम३डी ही पद्धत उभी आहे आणि पुढे कित्येक वर्षे नव्या पद्धती तिच्याशी ताडून पाहिल्या गेल्या. या सर्वांना सोयीचे पडावे म्हणून शॉट नॉइजची मात्रा गडद-उजळ भागांत सारखी करून घेणारे एक रूपांतर वापरतात. ते फ्रान्सिस ॲन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये, डिजिटल कॅमेरा कोणाच्या स्वप्नातही नसताना, मांडलेले आहे.

गेल्या दशकात न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना, आले. नॉइज असलेल्या आणि नसलेल्या छायाचित्रांच्या असंख्य जोड्या दाखवून नेटवर्कला एकावरून दुसरे काढायला शिकवले जाते. निवारण आणि डिमोझेइकिंग ही दोन्ही कामे एकाच नेटवर्ककडून एकदम करून घेण्याची कल्पना २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आली आणि आजची रॉसाठीची व्यावसायिक सॉफ्टवेअरे याच वळणाने जातात. फ्रान्समधील डीएक्सओ कंपनीने २०२० मध्ये डीपप्राइम हे असे तंत्र आणले. २०२१ मध्ये तेच तंत्र प्युअररॉ या नावाने, केवळ पूर्वप्रक्रियेसाठीचे स्वतंत्र सॉफ्टवेअर म्हणून बाजारात आले. ॲडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम या आपल्या संपादन सॉफ्टवेअरमध्ये डीनॉइज ही सोय दिली. टोपाझ कंपनीची उत्पादनेही प्रचारात आहेत. पैसे न मोजता वापरायचे तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. डार्कटेबलमध्ये कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार आणि आयएसओनुसार मोजून ठेवलेल्या नॉइजच्या नोंदी असतात. रॉथेरपीमध्ये वर सांगितलेले काळे फोटो वजा करता येतात. नेटवर्कइतका चमत्कार ती दाखवत नाहीत, पण जे दाखवतात ते सेन्सरने नोंदवलेल्या माहितीच्या जवळ असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्युअररॉसारख्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडते ती बहुधा लिनियर डीएनजी फाइल. तिच्यात प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग भरलेले असतात, पण व्हाइट बॅलन्स आणि उजेड बदलण्याची रॉची मुभा कायम राहते. आकार मात्र फुगतो. दोन कोटी पिक्सेलांची १४ बिटांची फाइल संकोचनाशिवाय सुमारे ३५ एमबीची असते. त्याच पिक्सेलांना प्रत्येकी तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट दिले की १२० एमबी होतात. एका जत्रेचे आठशे फोटो सरसकट या यंत्रातून काढणाऱ्याची हार्डडिस्क हंगाम संपण्याआधी भरते. वेळेचेही तसेच. चांगले ग्राफिक्स कार्ड असेल तर एका फोटोला काही सेकंद आणि नसेल तर कित्येक मिनिटे लागतात, आणि जूनमध्ये वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात रात्रभर रांग लावून झोपण्याचा बेत सकाळी अर्धवट फाइलींवर संपतो. आधी फोटो निवडावेत आणि निवडलेल्यांवरच निवारण चालवावे.

वाळू, जांभा आणि जाळे

नेटवर्क जे शिकले आहे त्यावरून अंदाज करते आणि कोकणातील काही पोत या अंदाजाला चकवतात. कासवाचे पिल्लू भिजल्या वाळूवरून जाताना जमिनीलगत झोपून घेतलेला फोटो पाहावा. वाळूचा कण छायाचित्रात एक-दोन पिक्सेलांचा असतो, नॉइजचा दाणाही तेवढाच. जोर पूर्ण ठेवून निवारण केले की पिल्लाच्या पाठीवरचे खवले सुबक होतात, डोळ्यातला प्रकाशबिंदू स्वच्छ येतो आणि पोटाखालची वाळू मात्र ओल्या सिमेंटसारखी गुळगुळीत होते. पिल्लाच्या वल्ह्यांसारख्या पायांनी उठवलेला माग सुद्धा त्यात बुजतो. जांभ्याच्या भिंतीची छिद्रे अशीच बुजतात. सुकत घातलेल्या जाळ्याची वीण काही जागी सलग, काही जागी तुटक होते, आणि लांबच्या होडीवर रंगवलेले नाव वाचता येण्याजोगे नसेल तर शिरोरेषेखाली कोणत्याही लिपीत नसलेली अक्षरे तयार होतात. पालखीभोवतीच्या गर्दीतील मागच्या रांगेतले चेहरेही या धोक्यात येतात. काजव्यांचा एक-दोन पिक्सेलांचा ठिपका हॉट पिक्सेल समजून पुसला जाणे हा आणखी एक प्रकार. अशा वेळी स्वयंचलित हॉट पिक्सेल काढणे बंद करून काळा फोटो वजा करणेच भले.

म्हणून जोर मध्यम ठेवतात. रंगांचा नॉइज जवळजवळ पूर्ण काढला तरी चालतो, कारण माणसाच्या नजरेला रंगाचे बारीक तपशील फारसे कळत नाहीत. उजळपणाचा थोडा दाणा शिल्लक ठेवला तर वाळू वाळूसारखी दिसते. परिणाम शंभर टक्के आकारात तपासावा लागतो, पण निर्णय अंतिम उपयोगावर सोडावा. ए४ आकाराच्या ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) छपाईला सुमारे ८७ लाख पिक्सेल पुरतात, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेलांचा फोटो लहान करतानाच बराच नॉइज सरासरीत विरतो, आणि जे फोटो व्हॉट्सॲपवर गावच्या ग्रुपात जायचे आहेत त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप करण्याची गरजच नाही.

स्थिर विषय असेल तर सॉफ्टवेअरच्या अंदाजाला टाळणारा जुना मार्गही आहे. तिपाईवरून एकच दृश्य १६ वेळा टिपून त्यांची सरासरी काढली तर नॉइज एक चतुर्थांशावर येतो आणि वाळूचा एकही कण कल्पनेने भरावा लागत नाही. चांदण्या रात्रीचा किल्ला किंवा देवळाची दीपमाळ यांसाठी तो उत्तम. हलणाऱ्या लाटा आणि माडांची झावळे मात्र त्यात धूसर होतात. निसर्ग छायाचित्रणाच्या अनेक स्पर्धांत अंतिम फेरीतील छायाचित्राबरोबर मूळ रॉ फाइल मागवतात, त्यामुळे लिनियर डीएनजी तयार झाल्यावर मूळ फाइल पुसून जागा मोकळी करण्याचा मोह टाळावा लागतो.