इराक युद्धपूर्व गुप्तवार्तेचा वाद

मार्च २००३ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्या नेतृत्वाखालील फौजांनी इराकवर आक्रमण केले. त्याच्या समर्थनार्थ सद्दाम हुसेन यांच्या राजवटीविषयी जी गुप्तवार्ता जाहीरपणे मांडण्यात आली, तिचा खरेखोटेपणा आणि ती मांडण्याची रीत यांवरून उद्भवलेला हा वाद आहे. इराककडे रासायनिक व जैविक शस्त्रांचे साठे आहेत, अण्वस्त्रांचा कार्यक्रम त्याने पुन्हा हाती घेतला आहे आणि अल्-कायदा या संघटनेशी त्याचे संधान आहे, हे त्यातील तीन प्रमुख दावे होत. युद्धानंतर यांपैकी एकही सिद्ध झाला नाही, त्यामुळे ते खरे होते का, हा प्रश्न आता फारसा कोणी विचारत नाही. ते उभे कसे राहिले, त्यांतील शंका कोणत्या टप्प्यावर गळाल्या आणि त्याचा दोष हेरखात्यांकडे जातो की सत्ताधाऱ्यांकडे, याविषयी मात्र अजूनही एकमत नाही.

या दाव्यांना पूर्वेतिहास होता आणि तो बाजूला ठेवल्यास २००२ मधील हेरखात्यांची मनःस्थिती समजत नाही. इराकने १९८० च्या दशकात इराणी सैन्यावर आणि १९८८ मध्ये हलब्जा येथील कुर्द लोकवस्तीवर रासायनिक शस्त्रे वापरली होती. १९९१ च्या आखाती युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक इराकमध्ये गेले, तेव्हा त्याचा अण्वस्त्र कार्यक्रम पाश्चात्त्य हेरखात्यांच्या अंदाजापेक्षा बराच पुढे गेल्याचे त्यांना आढळले. जैविक शस्त्रांच्या कार्यक्रमाची खरी व्याप्ती १९९५ मध्ये, सद्दाम यांचे जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळून गेल्यानंतर उघड झाली. एकदा कमी अंदाज करून फसलेले विश्लेषक पुढच्या वेळी जास्तीकडे झुकले, हे स्वाभाविक होते. कामेल यांनी निरीक्षकांना आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे जुनी शस्त्रे नष्ट करण्यात आली आहेत. त्यांच्या साक्षीतील लपवाछपवीचा भाग पुढे वारंवार उद्धृत झाला. शस्त्रे नष्ट केल्याचा भाग बव्हंशी कागदांतच राहिला.

डिसेंबर १९९८ मध्ये निरीक्षक इराकमधून बाहेर पडले आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रत्यक्ष पाहणी झाली नाही. या काळातील बहुतेक अनुमाने जुन्या हिशेबावर बेतलेली होती. उदाहरणार्थ, सुमारे ८,५०० लिटर अँथ्रॅक्स (जैविक शस्त्रात वापरला जाणारा घातक रोगजंतू) तयार केल्याचे इराकने मान्य केले होते आणि १९९१ च्या उन्हाळ्यात ते आपणच नष्ट केले, असे त्याचे म्हणणे होते. पण त्याचा पटण्याजोगा पुरावा त्याने दिला नव्हता. ज्या मालाचा हिशेब लागत नाही, तो दडवून ठेवलेलाच असणार, असे पुढे गृहीत धरले गेले. संपूर्ण प्रकरणातील ही सर्वांत महत्त्वाची तार्किक उडी होती, आणि ती कोण्या एका अधिकाऱ्याने घेतलेली नसल्यामुळे नंतरच्या चौकशांमध्येही तिच्यावर बोट ठेवणे अवघड गेले.

ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी नॅशव्हिल येथील भाषणात सद्दाम यांच्याकडे सर्वसंहारक शस्त्रे आहेत, यात शंका नसल्याचे सांगितले. त्या वेळी अमेरिकेच्या सर्व गुप्तचर संस्थांचे एकत्रित मत दर्शवणारा अद्ययावत दस्तऐवज अस्तित्वात नव्हता. सेनेटमधील काही सदस्यांनी मागणी केल्यावर तो जेमतेम तीन आठवड्यांत तयार करण्यात आला आणि १ ऑक्टोबरला ‘राष्ट्रीय गुप्तवार्ता अनुमान’ म्हणून सादर झाला. निष्कर्ष आधी जाहीर आणि अनुमान मागाहून, हा क्रम टीकाकारांच्या युक्तिवादाचा पाया आहे.

या अनुमानातील अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचे प्रकरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे. इराकने मागवलेल्या अशा नळ्यांचा एक साठा २००१ मध्ये जॉर्डनमध्ये पकडला गेला. युरेनियमचे समृद्धीकरण करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांसाठी त्या आणल्या जात होत्या, असे सीआयएचे मत होते. सेंट्रिफ्यूजचे प्रत्यक्ष ज्ञान असलेले अमेरिकी ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ मात्र हे मान्य करत नव्हते. नळ्यांचा ८१ मिलिमीटर व्यास, भिंतींची जाडी आणि लांबी ही इराक पूर्वीपासून बनवत असलेल्या, इटालियन नमुन्यावर बेतलेल्या तोफखान्याच्या अग्निबाणांशी जुळत होती. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता व संशोधन विभागाने तर अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा निष्कर्षच नाकारला आणि आपले भिन्नमत नोंदवले. हे सर्व गोपनीय दस्तऐवजात होते. काही दिवसांनी जनतेसाठी जी पुस्तिका निघाली, तीत मतभेद करणाऱ्या संस्थांची नावे नव्हती, ‘काही तज्ज्ञ’ एवढाच उल्लेख होता, आणि ‘आमच्या अंदाजानुसार’ अशी सावध शब्दयोजना अनेक ठिकाणी गळून विधाने सरळ वस्तुस्थिती म्हणून उतरली. त्याआधीच, ८ सप्टेंबरला, नळ्यांची बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली होती आणि त्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलीझा राइस यांनी दूरचित्रवाणीवर अणुस्फोटाच्या ढगाची भीती बोलून दाखवली होती. मूळ अनुमान मोजक्याच लोकप्रतिनिधींनी पूर्ण वाचले. ऑक्टोबरमध्ये युद्धाचे अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सेनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला. अनुमान वाचून ठरावाच्या विरोधात मत देणाऱ्यांत सेनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम होते.

पश्चिम आफ्रिकेतील नायजरमधील युरेनियमचा दावा याहून कच्चा होता. इराकने त्या देशाकडून कच्च्या युरेनियमच्या खरेदीचा व्यवहार केल्याचे दाखवणारी कागदपत्रे इटलीमार्गे अमेरिकेच्या हाती आली. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनसिनाटी येथील अध्यक्षीय भाषणातून हा मुद्दा सीआयएने काढायला लावला, तरी २८ जानेवारी २००३ च्या वार्षिक अभिभाषणात अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ब्रिटिश सरकारचा हवाला देऊन तो मांडला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला कागद मिळाल्यावर ते बनावट असल्याचे थोड्याच दिवसांत उघडकीस आले: २००० सालच्या एका पत्रावर १९८९ मध्येच पद सोडलेल्या परराष्ट्रमंत्र्यांची सही होती. ब्रिटनने आपला दावा या कागदांवर नव्हे तर अन्य माहितीवर आधारित असल्याचे सांगितले आणि २००४ मध्ये ब्रिटनच्या युद्धपूर्व गुप्तवार्तेची चौकशी करणाऱ्या बटलर समितीने ते ग्राह्य मानले. नायजरला जाऊन चौकशी करून आलेले माजी राजदूत जोसेफ विल्सन यांनी जुलै २००३ मध्ये जाहीर लेख लिहिला, त्यानंतर सुमारे आठवड्याने त्यांची पत्नी सीआयएची अधिकारी असल्याचे वृत्तपत्रात छापून आले आणि त्या प्रकरणाच्या तपासात खोटे बोलल्याबद्दल चेनी यांचे प्रमुख सहायक लुईस लिबी २००७ मध्ये दोषी ठरले.

ब्रिटनमध्ये वाद ‘पंचेचाळीस मिनिटां’भोवती फिरला. २४ सप्टेंबर २००२ रोजी प्रसिद्ध झालेल्या सरकारी पुस्तिकेत, आदेश मिळाल्यापासून ४५ मिनिटांत इराक रासायनिक वा जैविक शस्त्रे वापरू शकतो, असे म्हटले होते. मूळ माहिती रणभूमीवरील तोफगोळ्यांसारख्या अल्प पल्ल्याच्या शस्त्रांविषयी होती. पुस्तिकेत तसा खुलासा नव्हता आणि काही वृत्तपत्रांनी तिचा संबंध सायप्रसमधील ब्रिटिश तळांपर्यंत पोहोचणाऱ्या क्षेपणास्त्रांशी जोडला. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या प्रस्तावनेतील निःसंदेहतेचा सूर आतील मजकुराला झेपणारा नव्हता. त्याच महिन्यात ब्रिटिश हेरखात्याला मिळालेल्या एका अहवालात इराक रासायनिक द्रव्य काचेच्या पोकळ गोळ्यांत भरत असल्याचे वर्णन होते. असे गोळे प्रत्यक्षात वापरले जात नाहीत, ते एका लोकप्रिय हॉलिवूडपटात दिसतात, हे नंतर कोणाच्या तरी लक्षात आले. पुस्तिका रंगवून मांडल्याचा आरोप मे २००३ मध्ये बीबीसीने प्रसारित केला. त्या बातमीचा स्रोत म्हणून नाव पुढे आलेले शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांचा जुलैमध्ये मृत्यू झाला. या मृत्यूसंबंधी लॉर्ड हटन यांनी केलेल्या चौकशीने जानेवारी २००४ मध्ये बीबीसीला दोषी धरले आणि तिच्या अध्यक्षांना व महासंचालकांना पायउतार व्हावे लागले. पुस्तिकेतील मजकूर मात्र टिकला नाही.

५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत केलेले निवेदन हा दाव्यांच्या मांडणीचा कळस होता. पॉवेल यांची व्यक्तिगत प्रतिष्ठा मोठी होती आणि त्यांनी आधीच्या मसुद्यातील अनेक मुद्दे स्वतः वगळले होते, म्हणूनच उरलेले मुद्दे पक्के असावेत, असा समज झाला. त्यांपैकी फिरत्या जैविक प्रयोगशाळांची माहिती मुख्यतः जर्मनीत आश्रयासाठी आलेल्या एका इराकी रसायन अभियंत्याची होती. ‘कर्व्हबॉल’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माणसाची चौकशी जर्मन हेरखाते करत होते. युद्धापूर्वी त्याची उलटतपासणी करण्याची संधी अमेरिकी अधिकाऱ्यांना मिळाली नव्हती आणि त्याच्या विश्वासार्हतेविषयी जर्मनांनाच शंका होती. आपण खोटे बोललो, अशी कबुली त्याने २०११ मध्ये दिली. अल्-कायदाला इराकने प्रशिक्षण दिल्याचा दावा इब्न अल्-शेख अल्-लीबी या कैद्याच्या जबानीवर उभा होता. ही जबानी इजिप्तच्या कोठडीतील छळाखाली दिल्याचे त्याने पुढे सांगितले आणि २००४ मध्ये ती मागे घेतली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता संस्थेने फेब्रुवारी २००२ मध्येच तिच्याविषयी संशय नोंदवला होता.

ऑक्टोबर २००२ मधील चूक एक वेळ समजण्यासारखी मानता येईल. मार्च २००३ मधील हटवादाला तो बचाव लागू पडत नाही. सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. १४४१ नुसार २७ नोव्हेंबरपासून निरीक्षक इराकमध्ये परत कामाला लागले आणि त्यांनी सातशेहून अधिक तपासण्या केल्या. त्यांत बारा रिकामी रासायनिक अस्त्रशीर्षे आणि ठरलेल्या पल्ल्याहून अधिक मारा करणारी अल्-समूद क्षेपणास्त्रे सापडली. क्षेपणास्त्रे निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट होऊ लागली. साठे सापडले नाहीत. निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स हे इराकचे पक्षपाती नव्हते. जानेवारीतील निवेदनात त्यांनी इराकवर कडक टीका केली होती. ७ मार्चला मात्र त्यांनी काम पूर्ण करण्यास आणखी काही महिने लागतील, असे सांगितले, आणि त्याच बैठकीत अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल्-बरादेई यांनी नायजरचे कागद बनावट असल्याचे व अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा नसल्याचे जाहीर केले. म्हणजे, पडताळणी चालू होती आणि तिचे निष्कर्ष दाव्यांच्या विरुद्ध जात होते. तरीही अनुमानांचा फेरविचार झाला नाही. तेरा दिवसांनी युद्ध सुरू झाले.

युद्धापूर्वी कोणालाच शंका नव्हती, हा समज चुकीचा आहे. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांनी म्युनिक येथील परिषदेत आपली खात्री पटलेली नसल्याचे अमेरिकी संरक्षणमंत्र्यांसमोर सांगितले. ब्रिटिश मंत्रिमंडळातील रॉबिन कुक यांनी राजीनामा देताना, इराककडे नेहमीच्या अर्थाने सर्वसंहारक म्हणावीत अशी शस्त्रे बहुधा नाहीत, असे पार्लमेंटात म्हटले. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू विल्की हे गुप्तवार्ता विश्लेषक पद सोडून बाहेर पडले. अमेरिकेत नाइट रिडर वृत्तसमूहाच्या वार्ताहरांनी खालच्या स्तरांवरील अधिकाऱ्यांच्या शंका सातत्याने छापल्या. मात्र या समूहाचे एकही दैनिक वॉशिंग्टन वा न्यूयॉर्कमध्ये निघत नसल्यामुळे त्यांचा प्रभाव पडला नाही. भारतात गुप्तवार्तेच्या तपशिलांवर फारशी चर्चा झाली नाही. लोकसभेने एप्रिल २००३ मध्ये आक्रमणाचा निषेध केला आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती नाकारली.

आक्रमणानंतर शस्त्रांचा शोध घेण्यासाठी नेमलेल्या इराक पाहणी गटाचे पहिले प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये राजीनामा दिला आणि आपण जवळपास सगळेच चुकलो, अशी कबुली सेनेटच्या समितीपुढे दिली. त्यांच्यानंतरचे प्रमुख चार्ल्स ड्युल्फर यांच्या अहवालानुसार रासायनिक साठे १९९१ मध्येच नष्ट झाले होते आणि अणुकार्यक्रम त्याच सुमारास थांबला होता. मग सद्दाम यांनी ते स्पष्टपणे सिद्ध का केले नाही? संधी मिळताच कार्यक्रम पुन्हा सुरू करण्याची त्यांची इच्छा होती आणि आपण निःशस्त्र आहोत हे इराणला कळू नये, असे त्यांना वाटत होते, असे त्या अहवालाचे उत्तर आहे.

नंतरच्या चौकशांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत, याचे एक कारण त्यांना नेमून दिलेल्या कार्यकक्षेत आहे. सेनेट समितीच्या जुलै २००४ च्या अहवालाने अनुमानांवर कठोर ताशेरे ओढले, पण विश्लेषकांवर राजकीय दबाव आल्याचा पुरावा मिळाला नसल्याचे म्हटले. सत्ताधाऱ्यांनी गुप्तवार्तेचा वापर कसा केला, हा प्रश्न अध्यक्षीय निवडणुकीपलीकडे ढकलण्यात आला. अध्यक्ष बुश यांनी नेमलेल्या सिल्बरमन-रॉब आयोगाने २००५ मध्ये हेरखाती जवळजवळ सर्व बाबतींत साफ चुकल्याचा निर्वाळा दिला, मात्र राजकीय वापराची चौकशी करण्याचा अधिकारच त्याला नव्हता. तो विषय सेनेट समितीने जून २००८ मध्ये हाताळला आणि शस्त्रांविषयीची बरीच विधाने तेव्हाच्या गुप्तवार्तेशी सुसंगत होती, परंतु इराक व अल्-कायदा यांच्या भागीदारीविषयीच्या विधानांना आधार नव्हता, असे ठरवले. ब्रिटनमध्ये २३ जुलै २००२ च्या एका गोपनीय बैठकीचे टिपण मे २००५ मध्ये फुटले. वॉशिंग्टनहून परतलेल्या हेरखात्याच्या प्रमुखांनी, तेथे धोरणाला अनुरूप अशी तथ्ये व गुप्तवार्ता जुळवली जात आहे, असे सांगितल्याची नोंद त्यात होती. युद्धातील ब्रिटनच्या सहभागाची चौकशी करणाऱ्या सर जॉन चिलकॉट यांच्या समितीचा बारा खंडांचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. इराकपासूनचा धोका ज्या खात्रीने मांडला गेला ती खात्री समर्थनीय नव्हती आणि शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, असे त्याने म्हटले. ब्लेअर जाणूनबुजून खोटे बोलले, असा ठपका मात्र ठेवला नाही.

‘खोटेपणा की चूक’ या दोनच पर्यायांत हा वाद सहसा मांडला जातो आणि उपलब्ध कागदपत्रे त्यांपैकी कोणत्याही एकात नीट बसत नाहीत. शस्त्रे आहेत असे बहुतेक निर्णयकर्त्यांना खरोखर वाटत असावे. त्यांनी दडवली ती आपल्या पुराव्याची कमजोरी. आणि लोकप्रतिनिधींना मत देण्यासाठी नेमकी तीच माहिती हवी होती.

अमेरिकेत २००४ च्या कायद्याने राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकाचे पद निर्माण झाले आणि विश्लेषणात स्रोताची विश्वासार्हता व निष्कर्षाविषयीच्या खात्रीची पातळी नोंदवण्याचे नियम घालून देण्यात आले. वादाची छाया पुढील प्रसंगांवरही पडली. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातील रासायनिक हल्ल्याविषयी ब्रिटिश सरकारने आपल्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे पत्र प्रसिद्ध करूनही ब्रिटिश पार्लमेंटने लष्करी कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. २०२२ च्या आरंभी रशिया युक्रेनवर आक्रमण करणार, ही अमेरिकेने उघड केलेली गुप्तवार्ता अनेकांनी इराकचा दाखला देत संशयाने पाहिली आणि ती खरी ठरली. जून २०२५ मध्ये इराणच्या बाबतीत क्रम उलटा होता: इराण अण्वस्त्र तयार करत नसल्याचे गुप्तवार्ता संचालकांनी मार्चमध्ये काँग्रेसपुढे सांगितले होते, अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ते मत जाहीरपणे बाजूला सारले आणि २२ जूनला इराणच्या अणुकेंद्रांवर बाँबहल्ले झाले.