क्लच (मोटारगाडीतील) : हाताळणी व झीज

क्लच : इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील, हवी तेव्हा जोडता व सोडवता येणारी घर्षणजोडणी. हाताने गिअर बदलायच्या गाडीत ती डाव्या पायाच्या पेडलने चालते. फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक) व प्रेशर प्लेट (दाब देणारी तबकडी) यांच्यामध्ये दोन्ही अंगांनी अस्तर लावलेली क्लच प्लेट स्प्रिंगच्या दाबाने आवळलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगला रेटते आणि प्लेट मोकळी होते.

मोटारगाडीतील क्लचचे जनकत्व कोणाकडे द्यावे, याविषयी एकमत नाही. कारखान्यांतील यंत्रे मुख्य दंडाला जोडण्यासाठी घर्षणक्लच मोटारगाडीच्या आधीपासूनच वापरात होते. कार्ल बेंट्स यांच्या १८८६ च्या तीनचाकीत चामड्याचा पट्टा मोकळ्या कप्पीवरून पक्क्या कप्पीवर सरकवला की गाडी निघे. काही लेखक यालाच पहिला क्लच मानतात. मात्र पुढे इंजिन, त्यामागे क्लच व सरकत्या दंतचक्रांचा गिअरबॉक्स ही आजच्या चालकाला ओळखीची मांडणी पॅनहार्ड व लेव्हासॉर यांच्या फ्रेंच कारखान्यात १८९१ च्या सुमारास आकाराला आली. शिकाऊ चालकाच्या दृष्टीने इतिहासाचा आरंभ तिथूनच धरणे अधिक योग्य ठरते. त्या गिअरबॉक्सविषयीचे ‘रानटी आहे, पण चालते’ हे उद्गार बहुधा एमिल लेव्हासॉर यांचे मानतात. ते पॅनहार्ड यांच्या नावावरही सांगितले जातात. आरंभीच्या काळात शंकूच्या आकाराचे, कातडी अस्तराचे क्लच रूढ होते. कातडे वाळले की क्लच झटका देऊन पकडे, म्हणून ते एरंडेलासारख्या तेलाने मऊ राखावे लागे. साधारण १९२० च्या दशकात एका कोरड्या प्लेटचा क्लच सर्वत्र पसरला. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश (दंतचक्रे जुळण्यापूर्वी त्यांचे वेग सारखे करणारी योजना) आणल्यावर गिअर बदलताना दोनदा क्लच दाबण्याची गरज हळूहळू संपली.

क्लचची झीज तो किती वेळा दाबला यापेक्षा प्लेट किती वेगाने व किती वेळ घसरली यावर ठरते. शिकवताना हा भेद क्वचितच सांगितला जातो, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथे आहे. सपाट रस्त्यावर निघताना इंजिनाचा वेग स्थिर धरला आणि रस्त्याचा रोध सोडून दिला, तर गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. सुमारे १,००० किग्रॅ. वजनाच्या लहान गाडीत पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर क्लच पूर्ण जुळेपर्यंत वेग ताशी ११ किमी.च्या आसपास पोचतो व उष्णता ४.५ किलोज्यूल भरते. हेच ३,००० फेऱ्यांवर केले तर ती चौपट होते, कारण येथे वेगाचा वर्ग मोजावा लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये निघाल्यास ती पहिल्याच्या तिपटीहून अधिक होते.

चढावर ‘हाफ क्लच’ने, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवणे याहून फार घातक. दहास एक (दहा मीटरला एक मीटर) चढावर तीच गाडी १,५०० फेऱ्यांवर रोखून धरली, तर सुमारे ३ किलोवॅट शक्ती नुसती प्लेट तापवण्यात जाते. न्हाणीघरातला गीझर साधारण २ किलोवॅटचा असतो. एका मिनिटात निर्माण होणारी ही उष्णता सपाटीवर नीट केलेल्या सुमारे ४० सुरुवातींइतकी भरते. घाटात रांग अडकली की येणारा जळका वास या अस्तराचाच. अशा वेळी हँडब्रेक ओढावा, निघताना क्लच पकडू लागून गाडीचे नाक किंचित उचलले गेले की तो सोडावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ नुसार चालक परीक्षेत तीव्र चढावर थांबून, मागे न घरंगळता पुन्हा निघणे अपेक्षित आहे.

सरावासाठी मोकळे सपाट मैदान उत्तम. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, इंजिनाच्या संथ फेऱ्यांवर केवळ क्लच सावकाश सोडून गाडी हलवायला शिकावे. १,५०० फेऱ्यांच्या तुलनेत अशा सुरुवातीत जेमतेम पाव उष्णता होते आणि पेडल कुठे पकडते हे पायाला कळते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाखालीही क्लच असतो. गाडी बंद न पडण्याचे श्रेय पुष्कळदा त्याचेच असते, म्हणून साध्या गाडीवरचा सराव टाळू नये.

सिग्नलला क्लच दाबून ठेवावा की न्यूट्रल करावे, याविषयी मतभेद आहेत. पूर्ण दाबलेल्या स्थितीत प्लेट झिजत नाही, हे खरे. पण रिलीज बेअरिंग व स्प्रिंग यांवर सतत भार राहतो. थोड्या सेकंदांपलीकडच्या थांब्याला न्यूट्रल बरे. चालत्या गाडीत पेडलवर पाय टेकवून ठेवल्याने मात्र दाब कमी होऊन प्लेटही घसरते.

वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाच्या फेऱ्या वाढूनही वेग वाढत नसेल, तर अस्तर संपत आले असे समजावे. दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग असा पूर्ण सेट एकदमच बदलतात.

भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांतही एएमटी (क्लच व गिअर आपोआप चालवणारी यंत्रणा) आली. तीत क्लचचे पेडल नसले तरी प्लेट तीच असते. चढावर अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी रोखून धरली तर अस्तर तसेच तापते.