वॉशिंग्टनचा पणजोबा नक्की कोणाचा मुलगा? इंग्लंड सोडून गेलेल्यांची वंशावळ अशी शोधतात

जॉर्ज वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष, त्याच्यावर ढिगाने लिहिलं गेलंय, तरी त्याचे पूर्वज इंग्लंडमधल्या नक्की कोणत्या घरातले हे कळायला 1889 साल उजाडलं. म्हणजे तो जाऊन 90 वर्षं झाल्यावर. आणि त्याआधी जवळपास 75 वर्षं लोक एक चुकीची वंशावळ खरी धरून चालले होते. ही चूक कशी झाली, कोणी पकडली आणि खरं उत्तर कुठल्या कागदात सापडलं हे सगळं मला फार भारी वाटतं, कारण आज ज्यांना आपले इंग्लंडहून अमेरिकेत स्थायिक झालेले पूर्वज शोधायचे आहेत त्यांची अडचण अजूनही बरोब्बर तिथेच येते, समुद्र ओलांडताना.

कसं असतं बघा, अमेरिकेच्या बाजूने मागे जाणं बऱ्यापैकी सोपं आहे. जमिनीचे व्यवहार, मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदी, कोर्टातले खटले, हे धरून धरून माणूस 1650 पर्यंत आरामात पोचतो. मग एक नाव येतं, जॉन अमुकतमुक, आणि त्याच्या मागे काहीच नाही. तो जहाजातून उतरला एवढंच. इंग्लंडच्या बाजूला त्याच नावाचे दहा जॉन उभे असतात. त्यातला आपला कोणता?

वॉशिंग्टनच्या बाबतीत इंग्लंडच्या सरकारी वंशावळ खात्यातला आयझॅक हर्ड नावाचा अधिकारी 1791 च्या सुमारास कामाला लागला. त्याने स्वतः वॉशिंग्टनला पत्र लिहून विचारलं, तर वॉशिंग्टनने कळवलं की या विषयाकडे मी फारसं लक्षच दिलेलं नाही, आमचे लोक उत्तर इंग्लंडमधल्या कुठल्यातरी भागातून आले एवढंच ऐकून आहे. जॉर्जचा पणजोबा जॉन आणि त्याचा भाऊ लॉरेन्स असे दोघे व्हर्जिनियात आले होते हे माहीत होतं. हर्डला नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या सल्ग्रेव्हच्या वॉशिंग्टन घराण्यात जॉन आणि लॉरेन्स हे दोन सख्खे भाऊ सापडले, काळही साधारण जुळत होता, मग त्याने जोडून टाकलं. कोणीही जोडलं असतं हो.

1866 साली लंडनमध्ये राहणाऱ्या जोसेफ चेस्टर या अमेरिकन संशोधकाने हे सगळं उधळून लावलं. त्याने दाखवून दिलं की सल्ग्रेव्हवाला जॉन सर झाला होता, सर जॉन वॉशिंग्टन, आणि लॉरेन्स होता पाद्री. व्हर्जिनियातला जॉन तर तंबाखूच्या व्यापारासाठी आलेल्या जहाजावरचा अधिकारी, त्याला कोणी कधी सर म्हटलं नाही, आणि त्याचा भाऊही पाद्री नव्हता. नावं तीच, माणसं वेगळी. चेस्टरने चूक दाखवली पण बरोबर उत्तर काही त्याला सिद्ध करता आलं नाही.

ते मिळालं हेन्री वॉटर्सला. बोस्टनच्या वंशावळ संशोधन संस्थेने (1845 साली स्थापन झालेली, अजून चालू आहे) त्याला 1883 मध्ये इंग्लंडला पाठवलं, कशासाठी तर जुनी मृत्युपत्रं वाचायला. कँटरबरीच्या मुख्य चर्च कोर्टाची 1384 ते 1858 पर्यंतची मृत्युपत्रं टिकून आहेत, तेव्हा ती लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये होती, आता क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वॉटर्स एकच आडनाव शोधत बसला नाही, तो सरसकट वाचत गेला, ज्यात अमेरिकेचा उल्लेख दिसेल ते उतरवून घेत गेला. आणि अशात त्याला ट्रिंग नावाच्या गावातल्या अँड्र्यू नोलिंग याचं 1650 च्या सुमाराचं मृत्युपत्र सापडलं. या नोलिंगने आपली मालमत्ता ठेवली होती लॉरेन्स वॉशिंग्टन नावाच्या मुलासाठी, आणि त्याच्या भावंडांनाही काही काही दिलं होतं, ती भावंडं म्हणजे जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट आणि मार्था. यांची आई अँफिलिस ही नोलिंगची सावत्र मुलगी, आणि बाप लॉरेन्स, एसेक्समधल्या पर्लीचा पाद्री, यादवी युद्धाच्या काळात 1643 मध्ये दारूच्या गुत्त्यावर पडून असतो असा आरोप ठेवून त्याला चर्चमधून काढलं होतं. तो 1653 च्या आसपास गेला, पाठोपाठ 1655 मध्ये अँफिलिस गेली आणि तिच्या इस्टेटीचा कारभार मोठा मुलगा जॉन याच्याकडे आला. 1657 च्या सुरुवातीला हा जॉन पोटोमॅक नदीत रुतलेल्या जहाजावर होता, मग तिथेच राहिला, लग्न केलं, जमीन घेतली.

आता पलीकडची बाजू बघा. जॉनने व्हर्जिनियात 1675 साली मृत्युपत्र केलं, त्यात बहीण मार्थासाठी दहा पौंड ठेवलेत आणि तिला इकडे आणायचा जो खर्च ती देणं लागते तोही माफ केलाय. पुढे मार्थाच्या मृत्युपत्रात इंग्लंडमधल्या बहिणींची नावं येतात, एलिझाबेथ आणि मार्गारेट. म्हणजे अटलांटिकच्या दोन्ही काठांवर तीच पाच-सहा भावंडं! एक जॉन कुठेही सापडेल, पण जॉन-लॉरेन्स-मार्था-एलिझाबेथ-मार्गारेट असा अख्खा संच योगायोगाने दोनदा सापडत नाही. गंमत म्हणजे हर्डने घराणं बरोबर पकडलं होतं, फक्त एक पिढी चुकली होती, त्याने ज्यांना स्थलांतरित धरलं ते खऱ्या स्थलांतरितांचे बाप आणि काका निघाले.

म्हणून माझं ठाम मत आहे की वंशावळ शोधणाऱ्याने एका माणसाच्या मागे लागू नये, त्याच्या आजूबाजूच्या माणसांच्या मागे लागावं. भाऊ, बहीण, साक्षीदार, शेजारी, जहाजावरचे सोबती. न्यू इंग्लंडमध्ये (म्हणजे अमेरिकेचा ईशान्य किनारा) 1620 ते 1640 या वीस वर्षांत साधारण 20,000 लोक आले आणि त्यातले बरेचसे अख्खी कुटुंबं घेऊन, कधी एकाच पाद्रीच्या मागोमाग एकाच भागातले, त्यामुळे तिथे हे फार उपयोगी पडतं. व्हर्जिनियाकडे वेगळी तऱ्हा, तिथे जास्त करून एकटी तरुण पोरं गेली, प्रवासखर्चाच्या बदल्यात काही वर्षं राबायचा करार करून. त्यांच्या मागे फार थोडा कागद आहे, नशीब की ब्रिस्टल बंदरात 1654 ते 1686 मधल्या अशा जवळपास 10,000 जणांची नोंदवही टिकली.

कागद वाचतानाही सापळे आहेतच. इंग्लंडमध्ये गावोगावच्या चर्चना बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम 1538 मध्ये निघाला, पण सुरुवातीच्या बऱ्याच वह्या साध्या कागदाच्या होत्या, त्या गेल्या. 1598 पासून चर्मपत्रावर उतरवायला लावलं आणि दरवर्षी बिशपकडे एक नक्कल पाठवायची सक्ती झाली, त्यामुळे मूळ वही जळाली तरी कधी कधी नक्कल हाती लागते. 1642 नंतरच्या यादवीत मात्र ठिकठिकाणी नोंदीच बंद. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यानपिढ्यांची नावं एका जागी मिळतात तसं तिथे नाही, प्रत्येक गावाची वही वेगळी आणि पिढ्या आपण जोडायच्या.

आणि तारखा! 1752 पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहतींमध्ये कायदेशीर नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे फेब्रुवारी 1731 हा जानेवारी 1731 नंतरच येतो पण मे 1731 च्याही नंतर येतो, वाचायला विचित्र वाटतं पण तसंच आहे. वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलमध्ये त्याचा जन्म 11 फेब्रुवारी 1731/2 असा लिहिलाय, दोन्ही वर्षं एकत्र, आणि आजच्या कॅलेंडरने ती तारीख होते 22 फेब्रुवारी 1732. हे माहीत नसलं की आई-बापाच्या लग्नाआधीच मूल झालं असले निष्कर्ष निघतात.

आता डीएनए. बापाकडून मुलाला जाणारं वाय गुणसूत्र जवळपास जसंच्या तसं जातं, मध्ये क्वचित छोटे बदल होतात, आणि इंग्रजांमध्ये आडनावही बापाकडूनच मुलाला जातं, म्हणून दोन्ही एकत्र प्रवास करतात असं म्हणता येईल का? ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्सने 2000 साली आपलंच आडनाव असलेल्या पुरुषांचे नमुने मागवून तपासले, तर जवळपास निम्म्यांचं वाय एकसारखं निघालं. पुढे लेस्टर विद्यापीठाने 40 ब्रिटिश आडनावं तपासली. स्मिथसारख्या नावात काही जुळलं नाही, साहजिक आहे, स्मिथ म्हणजे लोहार आणि लोहार गावोगावी. पण अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावात दहातले जवळपास नऊ पुरुष एकाच मूळ पुरुषाचे वंशज दिसले. म्हणजे आडनाव जितकं दुर्मिळ तितकं डीएनए कामाचं. दत्तक घेणं, आईचं आडनाव लावणं, बाहेरचे संबंध, यामुळे साखळी तुटतेही, पिढीला 2 टक्के धरले तरी दहा पिढ्यांत साधारण 18 टक्के साखळ्या कुठेतरी तुटलेल्या असणार.

खुद्द वॉशिंग्टनला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या घराण्याचं वाय शोधायचं तर भाऊ सॅम्युअलच्या शाखेकडे जावं लागतं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॅम्युअलच्या दोन नातवांचे अवशेष एका हयात वंशजाच्या डीएनएवरून ओळखले गेले.

बाकीच्या गुणसूत्रांचं काय, ज्यावर त्या घरी मागवायच्या टेस्ट चालतात? ती दर पिढीला तुटून पुन्हा जुळतात आणि निम्मी गळतात. दहा पिढ्या मागे गेलं की 1,024 पूर्वज होतात, पण आपल्या शरीरात त्यांच्याकडून आलेले तुकडे असतात साधारण 600-650. म्हणजे निम्म्याहून जास्त पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात नाही. कागदावर तो पक्का पूर्वज असतो आणि डीएनएत शून्य. त्यामुळे 1630 च्या माणसाशी आपलं नातं नाही असं ही टेस्ट कधीच सांगू शकत नाही, आणि एखाद्या दूरच्या नातेवाइकाशी तुकडा जुळला तरी तो नक्की कोणत्या पूर्वजाकडून आला हे पुन्हा कागदच सांगणार.

अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन, त्याच्या घराण्यात कागद कमी पडला. घरची समजूत अशी की आमचा पूर्वज वेल्समधल्या स्नोडन डोंगराजवळून आला. त्यांच्या पुरुषांमधलं वाय पश्चिम युरोपात फार दुर्मिळ, म्हणून कोणी कोणी मध्यपूर्वेचा अंदाज बांधत होते. 2007 मध्ये लेस्टरच्याच गटाने ब्रिटनमधले जेफरसन आडनावाचे 85 पुरुष तपासले, राष्ट्राध्यक्षाशी कुणाचंच ज्ञात नातं नाही असे, आणि त्यात दोघांचं वाय जुळलं, एकाचं घराणं यॉर्कशायरचं, दुसऱ्याचं वेस्ट मिडलँड्सचं. म्हणजे घराणं ब्रिटनमध्येच खूप आधीपासून होतं. पण कोणतं गाव, कोणता बाप, हे त्यातून निघत नाही.

हेच वाय 1998 मध्ये वेगळ्या आणि जास्त महत्त्वाच्या कामासाठी वाचलं गेलं होतं. जमीन घेऊन स्थायिक झालेल्यांच्या मागे कागदांची रांग राहिली, पण त्यांनी राबवलेल्या गुलामांची नावं बहुतेक वेळा मालकाच्या मालमत्तेच्या यादीतच येतात, तीही बिनआडनावाची. 1870 च्या जनगणनेत ती माणसं पहिल्यांदा सरसकट नावानिशी नोंदली गेली, त्यामागे जायचं तर मालकांची मृत्युपत्रं वाचावी लागतात. सॅली हेमिंग्ज जेफरसनच्या घरातली गुलाम. तिचा मुलगा एस्टन 1852 मध्ये विस्कॉन्सिनला जाऊन जेफरसन हे आडनाव लावून राहिला, आणि पुढे त्याच्या वंशजांना आपण जेफरसनच्या काकाचे वंशज असं सांगितलं गेलं होतं. जेफरसनचा काका फील्ड, त्याच्या पुरुष वंशजांशी एस्टनच्या वंशजाचं वाय जुळलं. एवढ्यावर बाप जेफरसन घराण्यातला पुरुष इतकंच सिद्ध होतं, थॉमसच कशावरून? तर त्याच्या पत्रांवरून आणि हिशेबाच्या वह्यांवरून तो कधी कुठे होता हे दिवसागणिक काढता येतं, आणि सॅलीच्या प्रत्येक ज्ञात बाळाच्या जन्माच्या साधारण नऊ महिने आधी, म्हणजे गर्भ राहिला त्या सुमारास, तो माँटिसेलोच्या आपल्या घरीच होता. माँटिसेलो सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानने 2000 साली दोन्ही पुरावे एकत्र धरून एस्टनचा बाप थॉमसच असण्याची शक्यता खूप मोठी आहे असं जाहीर केलं.