गंडमाळ आणि लिम्फोमा: सुईच्या रिपोर्टवर का थांबू नये

मानेला गाठ आली आहे, संध्याकाळी कणकण वाटते, रात्री घामाने उशी भिजते आणि वजन उतरत चालले आहे, असे कोणी सांगितले की आपल्याकडे घरातले, शेजारचे आणि पुष्कळदा दवाखान्यातलेही लगेच म्हणतात, 'टीबीची गाठ असेल, सहा महिने गोळ्या घ्या, बरे वाटेल.' बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते, कारण मानेतल्या गाठींचा क्षय, म्हणजेच गंडमाळ, आपल्या देशात फार आढळतो. मात्र हीच चार लक्षणे लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्येही जशीच्या तशी असू शकतात, आणि पुरावा न मिळवता केलेल्या अंदाजाचे ओझे मग रुग्णाला वाहावे लागते. मी स्वतः चार महिने क्षयाची औषधे घेतली आणि त्यानंतर मला हॉजकिन लिम्फोमा असल्याचे निदान झाले. ओळखीपाळखीतून माझ्याकडे जे रिपोर्ट वाचायला येतात, त्यांत आजही तीच चूक तशीच दिसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गंडमाळेविषयी फार सांगायला नको. जुन्या पिढीला तो शब्द माहीत आहे आणि नव्या पिढीला एकेटी, म्हणजे क्षयाच्या औषधांचा कोर्स, माहीत आहे: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे गोळ्या आणि सरकारच्या निक्षय योजनेतून पोषणासाठी खात्यात येणारी रक्कम. तो जंतूमुळे होणारा आजार आहे. लिम्फोमा हा त्याच लसिका ग्रंथींमधल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे. त्याचे हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे दोन मोठे गट आहेत, आणि दुसऱ्या गटात पुन्हा अनेक प्रकार येतात. क्षयाच्या गाठी एकमेकींना चिकटतात, मऊ पडतात आणि कधी फुटून वाहतात, तर लिम्फोमाच्या गाठी रबरासारख्या, सुट्या आणि न दुखणाऱ्या असतात, असे पुस्तकांत असते. ते खोटे नाही, पण एखाद्याच्या मानेवर बोट ठेवून त्यावरून निकाल देऊ नये. ईएसआर, म्हणजे शरीरात दाह आहे का हे सुचवणारी रक्ताची तपासणी, दोन्हींत वाढतो. मांटू या त्वचेवरच्या चाचणीवरून फार तर जंतूचा संसर्ग कधीतरी झाला होता एवढेच कळते, आणि तो आपल्याकडे असंख्य निरोगी माणसांनाही झालेला असतो. पेट स्कॅनमध्ये दोन्ही गाठी सारख्याच उजळतात. या फरकांवर किंवा साम्यांवर याहून अधिक वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खरा घोळ सुईच्या तपासणीच्या रिपोर्टमधल्या एका शब्दावरून होतो. बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून घेतात, ती एफएनएसी. आणि तिच्या रिपोर्टवर वारंवार येणारे वाक्य म्हणजे 'ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस, सजेस्टिव्ह ऑफ ट्युबरक्युलोसिस', म्हणजे गाठीत ग्रॅन्युलोमा दिसले, त्यावरून क्षयाचा संशय येतो. रुग्णाचे नातेवाईक हे वाक्य 'टीबी निघाला' असे वाचतात, आणि घाईत असलेले डॉक्टरही कधी कधी तसेच वाचतात. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी एखाद्या त्रासदायक गोष्टीभोवती केलेला गराडा. एखाद्या घराभोवती गर्दी जमलेली दिसली, तर आत चोर शिरला आहे की आग लागली आहे, हे नुसत्या गर्दीवरून सांगता येत नाही. आपल्याकडे हा गराडा बहुधा क्षयामुळे पडतो हे खरे. पण तो सार्कॉइड नावाच्या आजारात पडतो, बुरशीच्या संसर्गात पडतो, आणि हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीतही पडलेला सापडतो. क्षयाचा पुरावा म्हणजे क्षयाचा जंतू: काचपट्टीवर रंग देऊन दिसलेला, सीबीनॅट या जनुकीय चाचणीत सापडलेला किंवा प्रयोगशाळेत कल्चरमध्ये वाढलेला. गाठींच्या क्षयात जंतू मुळातच थोडे असल्यामुळे ते न सापडल्याने क्षय नाही असे ठरत नाही. पण जंतू सापडला नाही आणि नुसता ग्रॅन्युलोमा दिसला, तर हातात संशय आहे, निदान नाही, हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगितले गेलेच पाहिजे.

लिम्फोमाच्या बाबतीत सुई अपुरी पडते त्याची दोन कारणे आहेत. हॉजकिनच्या गाठीत कॅन्सरच्या म्हणून ओळखायच्या रीड-स्टर्नबर्ग पेशी फार थोड्या, पुष्कळदा शंभरात एखादी, असतात. बाकीची सगळी गाठ साध्या, आजूबाजूला जमलेल्या पेशींनी भरलेली असते, आणि सुईच्या टोकाला त्या साध्याच पेशी लागण्याची शक्यता अधिक. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. लिम्फोमाचा प्रकार ठरवताना पेशी कशा आहेत याबरोबरच त्यांची मांडणी कशी आहे हेही पाहावे लागते. रांगोळी विस्कटून तिची पूड पुडीत भरून नेली, तर रंग ओळखता येतील, नक्षी ओळखता येणार नाही. नक्षी पाहायची तर गाठ अख्खी काढावी लागते. ती एक्सिजन बायोप्सी. आणि गाठ फार खोल असेल तर किमान जाड सुईने काढलेला सलग तुकडा तरी हवा. 'सुईची तपासणी झाली म्हणजे बायोप्सी झाली' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते ऐकताच आता समोरच्याला आधी थांबवतो.

हा गोंधळ जुना आहे. १८९८ साली व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्ग यांनी हॉजकिनच्या या पेशींचे बारकाईने वर्णन केले, तेव्हा त्यांनाही हा क्षयाचाच एक वेगळा प्रकार वाटला होता. तो क्षय नव्हे, स्वतंत्र आजार आहे, हे १९०२ साली अमेरिकेत डोरोथी रीड यांनी गाठींचा सूक्ष्म अभ्यास करून मांडले. ज्या पेशीला या दोघांची नावे आहेत, तिच्यावरूनच त्यांच्यात मतभेद होता. त्यांच्याजवळ किमान अख्ख्या गाठी तरी होत्या.

गाठ काढताना एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी, कारण नंतर ती दुरुस्त होत नाही. काढलेली गाठ संपूर्णपणे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकली, तर त्यातले जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही. म्हणून गाठीचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाईनमध्ये, अशा दोन बाटल्या हव्यात. माझ्या वेळी शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी माझ्या बहिणीच्या हातात त्या दोन बाटल्या दिल्या गेल्या. एकीवर चिकटपट्टी लावून 'टीबी कल्चर' असे पेनाने लिहिलेले होते. फॉर्मॅलिनमधल्या भागाचा मेणाचा ब्लॉक होतो, त्यावर सीडी२०, सीडी३०, सीडी१५ असे मार्कर, म्हणजे पेशी ओळखायच्या खुणा, तपासतात, आणि मग लिम्फोमा आहे का, असल्यास कोणता, हे ठरते. ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा अन्यत्र दुसरे मत घ्यायचे तर नुसता कागद नेऊन भागत नाही, त्या न्याव्या लागतात.

गाठ काढण्यापूर्वी स्टेरॉइड घेऊ नये, याविषयी मी अत्यंत आग्रही आहे. ताप उतरावा, सूज कमी व्हावी म्हणून काही ठिकाणी एकेटीबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही सहज लिहून दिले जाते. लिम्फोमाच्या पुष्कळ पेशी स्टेरॉइडने मरतात, गाठ काही काळ आकसते, घरात आनंद होतो, आणि त्या काळात काढलेल्या गाठीतून निदानच निसटू शकते. स्टेरॉइडशिवायही असा भास होतो, कारण हॉजकिनचा ताप कधी कधी काही दिवस येतो, आपोआप जातो आणि पुन्हा येतो. माझा ताप दुसऱ्या महिन्यात गेला, तेव्हा औषध लागू पडले असे आम्ही सर्वांनी मानले. चौथ्या महिन्यात गळपट्टीच्या हाडावर नवी गाठ आली. क्षयाचे उपचार बरोबर चालू असतानाही गाठी मध्येच वाढू शकतात, हेही खरे आहे, आणि म्हणूनच गाठ वाढली किंवा नवी आली की 'अजून थोडे थांबू' असे म्हणत न बसता ती काढून तपासावी.

निदान झाल्यावर दोन्ही उपचारांची गल्लत करणे सोपे असते, कारण दोन्ही काही महिने चालतात. एकेटीची गोळी रोजची असते. हॉजकिनची एबीव्हीडी ही केमो २८ दिवसांच्या चक्रात पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शिरेतून देतात. नॉन-हॉजकिनच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारात आर-चॉप ही केमो बहुधा दर २१ दिवसांनी देतात, आणि त्याआधी हृदयाचा टूडी-इको आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झालेली असावी लागते. एकेटीतल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि केमोतल्या ॲड्रियामायसिनने लाल, त्यामुळे पहिल्या केमोच्या रात्री मला त्या रंगाची भीती वाटली नाही. ज्यांना दोन्ही आजार खरोखरच एकत्र असतात, त्यांनी आपल्या सगळ्या गोळ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवाव्यात, कारण रिफाम्पिसिनमुळे केमोतली काही औषधे शरीरात लवकर निष्प्रभ होतात.

तापाच्या बाबतीत मात्र जुनी सवय पूर्णपणे सोडावी लागते. चार महिने आम्ही संध्याकाळच्या तापाला क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहत असू. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, आणि तेव्हा १००.४ फॅरनहाइटचा ताप आला तर क्रोसिन न घेता, सकाळची वाट न पाहता, त्याच तासाला रुग्णालयात जाऊन रक्त तपासावे लागते आणि प्रतिजैविक शिरेतून सुरू करावे लागते. माझा तो ताप दहाव्या दिवशी रात्री अकरा वाजता आला. थर्मामीटर पाहून आईने सवयीने क्रोसिनची पट्टी काढली, आणि बहिणीने ती तिच्या हातातून घेऊन रिक्षाला फोन लावला.